आधी मीटर लावा, मग कॅमेरा बदला

मोटरहोमचा मागचा कॅमेरा बंद पडला की बरीच मंडळी त्याच रात्री नवा संच मागवून मोकळी होतात. दोन दिवसांत खोकं दारात येतं, शनिवारी शिडी लावून जुना कॅमेरा उतरतो, नवा चढतो, आणि डॅशबोर्डवरचा पडदा होता तितकाच काळा राहतो. कारण कॅमेरा बिघडलेलाच नव्हता. ड्रायव्हरच्या पुढ्यापासून गाडीच्या मागच्या माथ्यापर्यंत तीस-पस्तीस फूट वायर गेलेली असते. तिच्यात चार-पाच जोड, एक-दोन फ्यूज आणि कारखान्यात घाईघाईने आवळलेला अर्थचा एखादा स्क्रू असतो. यांतलं काहीतरी सुटलेलं किंवा गंजलेलं असतं. या सगळ्या पसाऱ्यात कॅमेरा त्या मानाने टिकाऊ असतो. तेव्हा पैसे सोडण्याआधी दोष पुढच्या अर्ध्यात आहे की मागच्या, एवढं शोधून काढा. त्याला लागतो एक साधा मल्टिमीटर, १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब, दोन-तीन फूट लांबीची व्हिडिओ केबल आणि अर्धा दिवस.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत जुनी मोटरहोम विकत घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. भाड्याची गाडी असेल तर काही उघडू नका. आवारातून बाहेर पडण्याआधी गिअर रिव्हर्सला टाकून चित्र येतंय का बघा, येत नसेल तर फोटो काढून तिथल्या तिथे कळवा. भाड्याच्या गाडीत तुमचं काम तेवढंच.

प्रत्येक गाडी वेगळी का

कारमध्ये रिव्हर्स कॅमेरा हा गाडीचाच भाग असतो. अमेरिकेत १ मे २०१८ पासून तयार होणाऱ्या, १०,००० पौंडांपर्यंत कमाल वजन-क्षमतेच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. त्या नियमात मागची १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा दिसली पाहिजे, गिअर टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र आलं पाहिजे, असं सगळं ठरवून दिलेलं आहे. पण मोठ्या मोटरहोम या वजनात बसतच नाहीत. क्लास सी गाड्या ज्यावर सर्रास बांधतात त्या फोर्ड ई-४५० चॅसिसची क्षमता १४,५०० पौंड आहे. क्लास ए गाड्यांचं एफ-५३ चॅसिस तर १६,००० पौंडांपासून सुरू होतं. छोट्या व्हॅनवर बांधलेल्या काही क्लास बी गाड्या तेवढ्या नियमात येतात.

त्यामुळे मोठ्या गाडीत कॅमेरा कुठला घालायचा, त्याला करंट कुठून द्यायचा, वायर छतातून न्यायची की जमिनीखालून, हे गाडी बांधणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवलेलं असतं. त्यात गाडी जुनी असेल तर आधीच्या मालकांची कारागिरी वेगळीच. कोणी मूळ मॉनिटर काढून स्टिरिओ बसवलेला असतो, कोणी जुन्या वायरला नवी वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीतला उपाय आपल्या गाडीला जशाच्या तसा लागू पडेल, या भरवशावर राहू नका.

आपल्याकडे काय आहे ते ओळखायला मॉनिटरच्या मागे डोकवा. पिवळा आरसीए प्लग दिसला तर साधा ॲनालॉग संच. चार पिनांचं, आटे असलेलं गोल धातूचं कपलर दिसलं तर ट्रक-बसला लावतात तशा धाटणीचा संच. त्या एकाच केबलमधून कॅमेऱ्याचा पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, व्हिडिओ आणि बहुधा आवाज असं सगळं जातं. व्हॉयेजरसारख्या जुन्या संचांची कपलरं आणखी वेगळी असतात, तिथे बाजारातला कोणताही कॅमेरा सरळ बसत नाही. आणि मॉनिटरला फक्त करंटची वायर व छोटा अँटेना असेल तर तुमचा संच वायरलेस. पण वायरलेस झाला तरी कॅमेऱ्याला करंट वायरनेच जातो. हे विसरून तासन्‌तास जोडणीची बटणं दाबत बसणारे पुष्कळ आहेत.

पडदा काय सांगतो

हत्यार हातात घेण्याआधी पडदा नीट बघा. दिवसा उजेडात खिडकीचा पडदा ओढून किंवा हाताची सावली करून बघा, कारण पूर्ण मेलेला मॉनिटर आणि मागचा उजेड असलेला काळा मॉनिटर उन्हात सारखेच दिसतात.

पडदा पूर्ण मेलेला, बटणांचे दिवेही नाहीत, तर मॉनिटरलाच करंट नाही. कॅमेऱ्याकडे जायचं कारणच नाही.

निळा पडदा किंवा 'सिग्नल नाही' अशी पाटी आली तर मॉनिटर ठणठणीत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. इथे सगळ्यात आधी इनपुट बदलण्याचं बटण दाबा. बऱ्याच मॉनिटरना दोन-तीन कॅमेऱ्यांची सोय असते आणि डॅशबोर्ड पुसताना कोणाचा तरी हात लागून दुसरंच इनपुट निवडलं गेलेलं असतं. हसू येईल, पण गॅरेजवाल्याला पैसे देऊन हे बटण दाबून घेतल्याची उदाहरणं आहेत.

पडदा उजळलेला, पाटी नाही आणि चित्र काळं, असं असेल तर सिग्नल येतोय पण कॅमेऱ्याला दिसत नाहीये. भिंगावर चिखल असेल, आवरण असेल, किंवा काही कॅमेऱ्यांना मोटरवर उघडणारी झडप असते ती अडकली असेल.

चित्र लोळतं, आडव्या पट्ट्या वर सरकतात, तर अर्थ किंवा केबलचं बाहेरचं जाळीचं आवरण संशयित. भर दुपारी चित्र गुलाबी-जांभळं दिसलं तर कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर अडकलाय, आणि हा मात्र खरोखर कॅमेऱ्याचाच दोष. रात्री चित्र काळं-पांढरं होणं हा दोष नाही, इन्फ्रारेड दिव्यांवर चालणारे कॅमेरे तसेच असतात. ते दिवसाही काळं-पांढरंच राहिलं तर कॅमेऱ्याच्या तोंडावरचा उजेड ओळखणारा छोटा ठिपका मळलाय का बघा.

नवा कॅमेरा लावल्यावर चित्र काळं-पांढरं आलं, लोळलं किंवा आलंच नाही, तर कॅमेरा आणि मॉनिटर यांची भाषा जुळत नसेल. अमेरिकेतले ॲनालॉग संच एनटीएससी पद्धतीचे, भारतातले पाल पद्धतीचे. त्यात आता एएचडी कॅमेऱ्यांची भर पडली आहे. प्लग तोच, केबल तीच, पण जुन्या मॉनिटरला एएचडी कळत नाही. मॉनिटरच्या मेनूत किंवा कॅमेऱ्याच्या वायरवर पद्धत बदलायची सोय आहे का ते बघितल्याशिवाय तो परत पाठवू नका.

करंट कुठून येतो

मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन गटांत असतात. एक इंजिनाची म्हणजे चॅसिसची, दुसरी घराची. दोन्हींच्या फ्यूजच्या पेट्या वेगळ्या आणि मेन स्विचही वेगळे. मॉनिटर चॅसिसच्या बॅटरीवर आणि कॅमेरा घराच्या बॅटरीवर, असाही कारभार असतो. हिवाळ्यात गाडी उभी करताना घराचा मेन स्विच बंद केला, वसंतात तो चालू करायचा राहिला, आणि कॅमेरा गेला म्हणून बोंब, हे नेहमीचंच. म्हणून आधी दोन्ही मेन स्विच चालू, मग दोन्ही पेट्यांतले फ्यूज.

फ्यूज डोळ्यांनी तपासू नका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी सुई चॅसिसच्या उघड्या धातूला आणि लाल सुई फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांना आळीपाळीने लावा. दोन्हीकडे करंट हवा. एका टोकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, तर फ्यूज उडालाय. तो बदलायचा तो तेवढ्याच अँपिअरचा. पुन्हा उडाला तर मोठा घालून 'भागवू' नका. कुठेतरी वायर चेपून धातूला टेकली आहे आणि मोठ्या फ्यूजने तिथे आग लागू शकते. स्लाइड-आऊटच्या रुळाजवळ, मागच्या शिडीच्या बोल्टांपाशी, आणि कोणी नंतर टीव्ही किंवा कपाट बसवलं असेल तर त्याच्या स्क्रूखाली शोधा. मॉनिटरच्या मागे वायरमध्येच एखादा फ्यूज होल्डर लपलेला असतो, तोही उघडून बघा. त्याची स्प्रिंग गंजली की फ्यूज शाबूत असूनही करंट अडतो.

पुढचा प्रश्न करंट कधी येतो याचा. काही गाड्यांत कॅमेऱ्याला रिव्हर्सच्या दिव्यातून करंट दिलेला असतो, काहींत किल्ली फिरवली की येणारा. कारखान्यातून मागे कॅमेऱ्याचा तयार कंस बसवून आलेल्या कित्येक ट्रेलरांत आणि काही मोटरहोममध्ये तो करंट रनिंग लाइटच्या वायरमधून घेतलेला असतो. दिवे लावले नाहीत तर कॅमेरा मेलेला. अशा गाडीचा मालक रात्री खूश आणि दिवसा हैराण असतो. दिव्यांचा स्विच टाकून बघायला काही खर्च नाही.

मॉनिटरला आणखी एक पातळ वायर असते ती रिव्हर्सच्या दिव्याला जोडलेली. रिव्हर्स पडला की तिच्यात १२ व्होल्ट येतात आणि मॉनिटर आपोआप मागचं चित्र दाखवतो. हाताने बटण दाबल्यावर चित्र येतं आणि गिअर टाकल्यावर येत नाही, तर दोष या एका वायरीत. आधी रिव्हर्सचा दिवा लागतोय का बघा. दिवाच लागत नसेल तर बल्ब, त्याचा फ्यूज किंवा गिअरजवळचा स्विच. स्टिरिओ बदललेल्या गाड्यांत ही वायर बहुतेकदा मोकळीच लोंबत असते.

ही तपासणी इंजिन बंद ठेवून, फक्त किल्ली चालू स्थितीत करा. हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी लावलेली, आणि सीटवर ब्रेकवर पाय ठेवून बसलेला शहाणा माणूस हवा. इंजिन चालू आणि गिअर रिव्हर्सला असताना गाडीच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही, मीटर हातात असला तरी.

मीटर खोटं बोलतो ते असं

आता मागच्या टोकाला या. कॅमेऱ्याचं कपलर सोडवलं, मीटर लावला, १२.४ व्होल्ट दिसले. करंट येतोय, म्हणजे कॅमेरा गेला, असा निष्कर्ष इथेच निघतो आणि बहुतेक वेळा इथेच चुकतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या जोडातून, वायरच्या एका शिल्लक तारेतूनसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. कॅमेरा जोडला की तो करंट ओढतो आणि त्याच जोडावर व्होल्टेज कोसळतं.

म्हणून मोजायचं ते भार लावून. मीटरच्या सुयांबरोबर ५ वॅटचा बल्ब जोडा आणि मग वाचा. याहून मोठा बल्ब नको. कॅमेऱ्याला करंट मॉनिटरमधूनच जात असेल तर बल्बही नको, कारण तिथून मोजकाच करंट मिळतो. अशा वेळी कॅमेरा जोडलेला ठेवून कपलरच्या मागच्या बाजूने बारीक सुई आत सरकवून मोजा. काही जुन्या संचांत कॅमेऱ्याला १२ पेक्षा कमी व्होल्टेज मुद्दाम दिलेलं असतं, तेव्हा कॅमेऱ्यावरचं लेबल आधी वाचा.

आता किती घट चालेल? २२ गेजची तांब्याची वायर, जायला-यायला मिळून ७२ फूट, म्हणजे अंदाजे १.१ ते १.२ ओहम रोध. कॅमेरा पाव अँपिअर ओढतो असं धरलं तर वायरीत जातात फक्त ०.३ व्होल्ट. रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर थोडे जास्त. म्हणजे बॅटरीवर १२.६ असताना मागे १२ च्या आसपास यायलाच हवेत. ९ किंवा ८ आले तर 'वायर लांब आहे हो' ही सबब चालणार नाही. मध्ये कुठलातरी जोड खराब आहे. दिवसा नीट चालणारा आणि अंधार पडला की लुकलुकणारा कॅमेरा बहुधा याच आजाराचा असतो.

तो जोड पॉझिटिव्हचा की निगेटिव्हचा हेही मीटर सांगतो. भार तसाच ठेवून काळी सुई कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवरून काढून चॅसिसच्या खरवडलेल्या धातूला लावा. आकडा लगेच १२ वर गेला तर दोष अर्थमध्ये. तसाच राहिला तर पॉझिटिव्हमध्ये.

अर्थचं एक दुखणं मोटरहोमचं खास आहे. कारमध्ये कुठेही पत्र्याला स्क्रू मारला की बॉडी अर्थ मिळतो. मोटरहोमची मागची भिंत फायबरग्लासची. तिथे स्क्रू मारून निगेटिव्ह बांधला तर तो कुठेच पोचत नाही. मग काही संचांत कॅमेरा आपला परतीचा करंट व्हिडिओ केबलच्या जाळीतून काढतो. चित्र येतं, पण पट्ट्यांसकट, आणि जाळीचं टोक थोडं सैल झालं की तेही जातं. अशा गाडीत निगेटिव्हची वेगळी वायर थेट चॅसिसच्या लोखंडापर्यंत न्या. रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून रंगाचा हात द्या.

मॉनिटर मागे न्या

माझ्या मते सगळ्यात कमी डोकेफोडीची चाचणी ही. कॅमेरा वर जिथल्या तिथे राहू द्या. मॉनिटर डॅशबोर्डवरून काढून गाडीच्या मागे घेऊन या. सुटी १२ व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्यावर योग्य फ्यूज लावून मॉनिटर आणि कॅमेरा दोन्ही चालवा, मध्ये छोटी केबल. चार पिनांच्या संचाला हीच केबल त्या कपलरची आणावी लागेल, ती स्वस्तात मिळते. चित्र आलं तर कॅमेरा आणि मॉनिटर दोन्ही निर्दोष, आणि दोष मधल्या केबलीत किंवा पुढच्या करंटमध्ये. नाही आलं तर मॉनिटरला दुसरा कुठलाही व्हिडिओ देऊन बघा. एएचडी नसलेल्या मॉनिटरवर जुना डीव्हीडी प्लेअरही चालतो. त्याचं चित्र मॉनिटरवर आलं, तर राहिला कॅमेराच. आता खुशाल नवा मागवा.

केबल संशयित ठरली तर दोन्ही टोकं सोडवून मीटर ओहमवर ठेवा. आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना अजिबात लागत नसली पाहिजेत. मग मागच्या टोकाला दोन्ही एका चिमट्याने जोडा आणि पुढे मोजा. आता काही थोडे ओहम दिसले पाहिजेत. मीटर लावून ठेवून कोणाला तरी केबल जागोजागी हलवायला सांगा, आकडा जिथे उड्या मारतो तिथेच बघा. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या केबली हा प्रकार फार आहे, आणि कुरतडलेली जागा नेमकी हात न पोचणाऱ्या कोपऱ्यात असते. तशी केबल सोडवत बसू नका. जुनी तिथेच ठेवा आणि नवी अखंड केबल जमिनीखालून, सायलेन्सरपासून लांब, नळीत घालून न्या.

बहुतेक वेळा मात्र दोष सापडतो तो मागच्या कपलरमध्येच. कपलरचे आटे फिरवून सोडवले की आतल्या रबरी कड्यावर पाण्याचा थेंब दिसतो. चारपैकी एका पिनेवर, बहुधा पॉझिटिव्हच्या, हिरवट-निळसर पूड धरलेली असते. ओल आणि व्होल्टेज एकत्र राहिले की पॉझिटिव्हची पिन आधी खाल्ली जाते. पूड टूथब्रशने झाडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या. पिन बारीक झाली असेल किंवा दाबल्यावर आत जात असेल तर साफसफाईने दोन पावसाळे काय, दोन आठवडेही निभणार नाही. कपलर कापून नवं लावा. जोड पिळून टेप न लावता नीट क्रिंप करा आणि वर गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह आखडून घ्या. कपलर जोडताना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या आणि केबलला कपलरच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वरून ओघळणारं पाणी कपलरमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून जाईल.

वायरलेसची वेगळी तऱ्हा

वायरलेस संच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. गाडीतलं वायफाय आणि मायक्रोवेव्ह यांचाही गोतावळा तिथेच. चित्र अधूनमधून तुटत असेल तर राउटर बंद करून बघा. मॉनिटरचा अँटेना धातूच्या पट्टीमागे दडला असेल तर बाहेर काढा. भिंतीत ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइलचं इन्सुलेशन असलेल्या लांब गाडीत सिग्नल अडखळणारच, तिथे वाढीव अँटेना लावणं किंवा सरळ वायरचा संच घेणं बरं. बॅटरी काढून पुन्हा लावल्यावर काही संच आपली जोडी विसरतात. जोडणीचं बटण दाबून ती परत करून द्यावी लागते, आणि त्या वेळी कॅमेऱ्याला करंट चालू असावा लागतो.

धोका वेगळाच आहे. डिजिटल वायरलेसचं चित्र अडकलं की ते कधीकधी पुसलं जात नाही, शेवटची चौकट तशीच राहते. मागे मोकळी जागा दिसत राहते आणि तुम्ही खांबाकडे जात असता. गाडी हलली तरी चित्र हलत नाही असं वाटलं की ब्रेक दाबा, बाकी विचार नंतर. चित्र वरचेवर अडकत असेल तर मी त्या संचावर भरवसा ठेवून मागे जाणार नाही.

इंजिन चालू केल्यावरच्या पट्ट्या

इंजिन बंद असताना चित्र स्वच्छ, सुरू केलं की तिरक्या रेघा, आणि ॲक्सिलरेटर दाबला की रेघांचा वेग बदलतो, अशा वेळी अल्टरनेटरची खरखर करंटमधून आत शिरते आहे. आधी अर्थ तपासा, मग कॅमेऱ्याच्या पॉझिटिव्हवर एक पॉवर फिल्टर टाका. इन्व्हर्टर किंवा सोलर कंट्रोलर चालू असतानाच रेघा येत असतील तर व्हिडिओ केबल त्यांच्या जाड वायरींपासून दूर सरकवा. दोन्ही एकाच पट्टीने बांधलेल्या असतात, हे नेहमीचं. मर्सिडीज स्प्रिंटरसारख्या चॅसिसवर रिव्हर्सच्या दिव्याला जाणारा करंट संगणक सोडतो आणि तो सलग न येता तुटक येऊ शकतो. डोळ्यांना दिवा स्थिर दिसतो, कॅमेरा मात्र लुकलुकतो. तिथे दिव्यातून थेट करंट न घेता फिल्टर असलेला रिले वापरा.

मागे मोटार ओढत नेणाऱ्यांनी कॅमेरा रिव्हर्सच्या दिव्यावर ठेवूच नये. त्यांना चालत्या गाडीत मागची मोटार दिसायला हवी, म्हणून किल्लीवर चालणारा करंट द्यावा.

भिंग धुताना मऊ फडकं आणि साबणाचं पाणी पुरे. अमोनियाचं काचेचं द्रावण किंवा ॲसिटोन वापरलं तर वरचा थर जातो आणि रात्री समोरचे दिवे फिसकटून दिसतात. कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलं असेल तरी प्रेशर वॉशरचा फवारा त्याच्यावर धरू नका. ती खूण पाण्यात बुडण्याबद्दलची आहे. जोरदार फवारा सोसणाऱ्याची खूण आयपी ६९के. भिंगाच्या आत वाफ धरली असेल तर सील गेलंय. उन्हात वाळवून काही दिवस चालेल, पण पुढचा कॅमेरा बघायला लागा.

जुन्या गाडीतला नळीचा जाडजूड मॉनिटर उघडू नका. बंद केल्यावरही त्यात जिवावर बेतेल इतका विजेचा दाब शिल्लक असू शकतो. तो दुरुस्त करण्यापेक्षा नवा एलसीडी लावणं केव्हाही स्वस्त पडतं, पण तेव्हा कपलर जुळतं का ते बघा. थंडीत एलसीडीचं चित्र ओढल्यासारखं सरकलं तर केबिन गरम होईपर्यंत थांबा, तो बिघाड नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून इकडेही बस-टेम्पोवर घर बांधून घेणारे आहेत. त्यांच्यासाठी एवढंच, की आपल्याकडच्या मोठ्या बस-ट्रकच्या चॅसिसवर बॅटरी २४ व्होल्टची असते. कारसाठीचा १२ व्होल्टचा कॅमेरा तिथे थेट जोडला तर पहिल्याच झटक्यात जळेल. मध्ये २४ ते १२ चा कन्व्हर्टर घाला किंवा दोन्हीवर चालणारा संच घ्या, आणि मॉनिटर पालवर असल्याची खात्री करा.

चित्र आल्यावर

दुरुस्ती झाली म्हणून शिडी लगेच आवरू नका. आधी एक माणूस गाडीच्या मागे उजव्या बाजूला उभा करा, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघताना तुमच्या उजव्या हाताला. पडद्यावरही तो उजवीकडेच दिसला पाहिजे. डावीकडे दिसला तर चित्र आरशासारखं उलटवलेलं नाही. ही सोय मॉनिटरच्या मेनूत असते, काही कॅमेऱ्यांना त्यासाठी वायरचा छोटा वेढा कापावा लागतो. कुठला वेढा कशासाठी, हे कॅमेऱ्यागणिक बदलतं, तेव्हा कात्री लावण्याआधी माहितीपत्रक बघा.

कॅमेऱ्याचा कोन असा ठेवा, की चित्राच्या तळाशी स्वतःच्या बंपरची कड जेमतेम दिसेल. बंपर दिसत नसेल तर अंतराला आधारच उरत नाही. सायकलचा कठडा किंवा शिडी मध्ये येत असेल तर कॅमेरा सरकवा. माथ्यावरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला वरची फांदी आणि पेट्रोल पंपाचं छत दिसत नाही, त्यासाठी उतरून बघण्याला पर्याय नाही.

कॅमेऱ्यातून येणाऱ्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषांवर विसंबू नका. त्या कुठल्यातरी ठरीव उंचीसाठी आखलेल्या असतात, तुमच्या दहा फुटी माथ्यासाठी नव्हे. मोकळ्या मैदानात बंपरपासून ३ फूट, १० फूट आणि २० फुटांवर शंकू किंवा बादल्या ठेवा. ड्रायव्हरच्या सीटवरून त्या पडद्यावर जिथे दिसतात, त्या उंचीवर मॉनिटरच्या कडेला रंगीत चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावा. हे काम गाडी लादलेली आणि पाण्याची टाकी भरलेली असताना करा. रिकाम्या गाडीत लावलेल्या खुणा, मागचा भाग दोन-तीन इंच बसला की दहा फुटांवर साधारण अर्ध्या फुटाने फसवतात.